देशी झाडांची बाग एकदा लावली की बघावं लागत नाही, हे खरं आहे का?

सोसायटीशेजारच्या सार्वजनिक बागेचा एक कोपरा तुम्हाला देशी झाडांसाठी मिळतोय, आणि ‘लावली की विसरा’ हे खरं का, लोक तिकडे फिरकतील का, असं तुम्ही विचारलंय.

पुण्यात टेकडीच्या पायथ्याशी असाच एक तुकडा आम्ही सातजण सांभाळतो. आमच्या अनुभवात ‘विसरा’ हे तिसरा उन्हाळा ओलांडल्यावर खरं झालं. तोवर आठवड्यातून एकदा भरपूर पाणी आणि आळ्यात पालापाचोळ्याचा जाड थर. पावसाळ्यात घाणेरी आणि गाजर गवत फुलायच्या आत मुळासकट उपटायचं. हे चुकलं की दिवाळीला आपली रोपं शोधावी लागतात. (बहाव्याचं बी कडक असतं, दगडावर जरा घासून रात्रभर भिजवा, मग पेरा.)

जास्त डोकेदुखी स्वच्छतेची. दुसऱ्या वर्षी गवत कापणाऱ्याने आमची रुई आणि तरवड तण समजून साफ केली. त्याला काय बोलणार? आम्ही साधी पाटीही लावली नव्हती.

रुई पुन्हा फुटली. शनिवारी एक आजी मारुतीसाठी तिची पानं न्यायला येतात. एकदा पान उलटलं तर खाली अळी: अंगावर काळ्या-पांढऱ्या कड्या, मध्ये पिवळे ठिपके, पाठीवर मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. “अहो, झाडाला कीड लागलीय, औषध मारा!” म्हटलं, आजी, ही प्लेन टायगर फुलपाखराची अळी, तिच्यासाठीच तर रुई ठेवलीय. पुढच्या शनिवारी त्या नातवाला घेऊन आल्या, तेव्हा पानाखाली हिरवा कोष लटकत होता. पोरगं हलेना. हल्ली आजी पान उलटून बघतात, मगच तोडतात.

म्हणून फवारणी अजिबात करू देऊ नका, पानं कुरतडलेली दिसली तरी. माकडलिंबू मिळालं तर जरूर लावा; त्यावर ब्लू मॉरमॉन अंडी घालतं, २०१५ पासूनचं आपलं राज्य फुलपाखरू. कुणीतरी गुलमोहराचा आग्रह धरेलच, पण तो मूळचा मादागास्करचा. रुई मात्र घसरगुंडीपासून लांब ठेवा, चीक डोळ्यात गेला तर महागात पडतं.

खड्डे मे महिन्यातच घ्या. आणि गवत कापायला जे कुणी येतात, त्यांना पहिल्याच दिवशी चहा पाजून एकेक झाड हाताने दाखवा.