रेकॉर्ड बघायच्या आधी त्या सीझनचा नियम बघ

अरे, इंग्लिश फुटबॉल लीगचे रेकॉर्ड गोळा करायला लागलायस ना, मग १९९२ पासून सुरू करू नकोस, प्रीमियर लीग तेव्हाची असली तरी लीग १८८८ पासून चालू आहे आणि खरी मजा त्या जुन्या टेबल्समध्येच आहे. आणि टेबल उघडलं की आधी त्या वेळचा नियम बघ. जिंकल्यावर ३ पॉइंट १९८१ पासून, त्याआधी २च. १९७६ पर्यंत तर गोल डिफरन्स (मारलेले वजा खाल्लेले गोल) पण नव्हता, पॉइंट सारखे झाले तर मारलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागायचे.

१९२३-२४ घे. हडर्सफील्ड आणि कार्डिफ, दोघांचे ५७ पॉइंट, गोल ६०-३३ आणि ६१-३४. स्वतः कॅल्क्युलेटरवर भागून बघ, १.८१८ आणि १.७९४, एवढ्याशा फरकाने टायटल हडर्सफील्डला! पॉइंट तेच धरून आजचा गोल डिफरन्सचा नियम लावला तर दोघंही +२७, मग जास्त गोल म्हणून कार्डिफ चॅम्पियन. त्यात शेवटच्या मॅचला कार्डिफची पेनल्टी हुकली आणि मॅच ०-० सुटली, फार वाईट वाटतं रे त्यांच्यासाठी.

ते झालं की मँचेस्टर सिटीचं १९३७-३८ काढ. आदल्या सीझनचे चॅम्पियन, डिव्हिजनमध्ये सगळ्यात जास्त ८० गोल मारले, खाल्ले ७७, आणि तरी रेलिगेट, म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये.