नव्या ऑफ-रोड गाड्यांमध्ये मॅन्युअल गिअर किती वर्षं टिकेल? पुण्यात राहून आत्ता घ्यायची तर कोणती घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की राहायला वाकडला, नोकरी हिंजवडीत, आणि शनिवार-रविवार मुळशी, वेल्हे, राजमाचीकडे गाडी घालायची हौस आहे. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी, घ्यायची हे नक्की झालंय. धाकधूक एवढीच की आत्ता क्लचवाली घेतली नाही, तर पुढच्या खेपेला ती मिळेल का.

धाकधूक निम्मी खरी आहे. मॅन्युअल जाणार, पण भारतात सावकाश जाणार. आणि ती जातेय ती डोंगरात कमी पडते म्हणून नव्हे. तिचा निकाल राजमाचीच्या वाटेवर लागणारच नाही. तो रोज सकाळी तुमच्या वाकड-हिंजवडी रस्त्यावर लागतो आहे.

मी गाडी शिकलो मामाच्या जीपवर, वेल्ह्याच्या अलीकडे, ऐन पावसात. मामा शेजारी बसून एकच वाक्य सारखं म्हणायचा, "क्लचवरचा पाय काढ आधी." तेव्हा राग यायचा. चढावर गाडी बंद पडेल या भीतीने पाय आपोआप क्लचवर जायचा आणि तिथेच राहायचा. आज माझी गाडी मॅन्युअलच आहे, डिझेल, फोर बाय फोर, आणि ती मला मनापासून आवडते. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते मॅन्युअलवर प्रेम असलेल्या माणसाचं मत आहे हे धरून वाचा.

आधी बाहेरच्या जगात काय झालंय ते बघा. जुनी लँड रोव्हर डिफेंडर जानेवारी २०१६ मध्ये बंद झाली. २०२० मध्ये नवी आली ती फक्त ऑटोमॅटिक घेऊन. बरं, ती आधुनिक झाली म्हणून नाराज झालेल्यांसाठी, जुन्या डिफेंडरच्या वळणावर, शिडीसारखी चासी आणि पुढे-मागे सरळ अ‍ॅक्सल घालून इनिऑस ग्रेनेडियर काढली गेली. तिच्यातही झेडएफ या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीचा आठ-स्पीड ऑटोमॅटिकच. क्लच नाहीच. मला वाटतं, या एका उदाहरणात सगळं आलं. जुनं जपायचं म्हणून ज्यांनी आख्खी गाडी उभी केली, त्यांनाही मॅन्युअल ठेवणं परवडलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या खाणींत आणि शेतांवर राबणारी टोयोटाची लँड क्रूझर ७० घ्या. २०२३ मध्ये तिला २.८ लिटर डिझेल इंजिनासोबत सहा-स्पीड ऑटोमॅटिक मिळाला, आणि त्या इंजिनाला मॅन्युअलची जोड मागाहून आली. आधी काय आलं आणि मागाहून काय आलं, हा क्रम लक्षात घ्या.

अमेरिकेत नव्या गाड्यांमध्ये मॅन्युअलचं प्रमाण दोन टक्क्यांच्याही खाली गेलंय. तरी तिथे जीप रँग्लर आणि फोर्ड ब्रॉन्को मॅन्युअलमध्ये मिळत राहिल्या. ब्रॉन्कोचा किस्सा मला फार आवडतो. तिच्या मॅन्युअलला सात गिअर आहेत आणि त्यातला एक खास रांगण्यासाठी, पहिल्याच्याही खालचा. लो रेंजमध्ये, म्हणजे वेग कमी आणि चाकाला जोर जास्त देणाऱ्या फोर बाय फोरच्या जादा गिअर-जोडीत, तो टाकला की इंजिनाचे जवळजवळ ९५ फेरे होतात तेव्हा चाकाचा एक फेरा होतो. म्हणजे माणूस शेजारून चालत जाईल इतकी सावकाश गाडी दगडांवरून सरकते, आणि पाय कुठल्याच पेडलवर नसतो. पण २०२१ मध्ये गाडी आली तेव्हा मोठ्या टायरचं सॅस्क्वॉच पॅकेज मॅन्युअलवर मिळत नव्हतं. गिऱ्हाइकांनी लावून धरलं, आणि कंपनीने २०२२ च्या मॉडेलला ते दिलं. मागणारे थोडे असले तरी आवाज पोचतो. मात्र तिथेही मॅन्युअल फक्त लहान, २.३ लिटर इंजिनालाच. २.७ लिटरच्या व्ही-सिक्सला नाही.

हीच गोष्ट आपल्याकडे दुसऱ्या रूपात दिसते. फॉर्च्युनरचं २.८ लिटर डिझेल इंजिन ऑटोमॅटिकसोबत ५०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं, मॅन्युअलसोबत ४२०. इंजिन तेच. स्कॉर्पिओ-एनच्या मोठ्या डिझेलला ऑटोमॅटिकमध्ये ४००, मॅन्युअलमध्ये ३७०. थारच्या पेट्रोलमध्ये ३२० आणि ३००. क्लच आणि गिअरबॉक्सला झेपेल तेवढाच जोर द्यायचा, असा हा हिशेब असतो. जास्त जोर पेलणारा नवा मॅन्युअल गिअरबॉक्स बनवायला पैसा लागतो, आणि विक्री घटत चाललेल्या वस्तूवर तो पैसा कोण घालणार? मॅन्युअल मरते ती अशी. एक दिवस कुणी येऊन बंद करत नाही. आधी तिला कमी टॉर्क मिळतो, मग वरच्या व्हेरिएंटमधून ती गायब होते, मग एखाद्या इंजिनासोबत मिळेनाशी होते.

त्यात प्रदूषणाच्या चाचण्या. आपल्या कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय, म्हणजे गाड्यांची तपासणी करणारी संस्था, आहे, तिथून जाताना कधी विचार करा. इंजिन तेच असलं तरी गिअरबॉक्स बदलला की धुराचा आणि इंधनाचा हिशेब बदलतो, जुळणी नव्याने करावी लागते, तपासणी नव्याने. १ एप्रिल २०२३ पासून तर प्रत्यक्ष रस्त्यावरचं प्रदूषणही मोजलं जातं. ऑटोमॅटिकमध्ये कुठल्या वेगाला कुठला गिअर हे कंपनी ठरवते. मॅन्युअलमध्ये ते तुमच्या डाव्या हातावर सोडावं लागतं.

आता डोंगराकडे येऊ. तुम्हाला खरं तर हेच हवंय.

दोन पावसाळ्यांपूर्वी आम्ही चार गाड्या घेऊन लोणावळ्याहून राजमाचीच्या वाटेला लागलो होतो. एका मित्राची गाडी नवीकोरी, मॅन्युअल. एका ओल्या, गोट्यांच्या चढावर पुढची गाडी अडकली, म्हणून हा मागे थांबला. थांबला म्हणजे ब्रेक लावून नाही, हाफ क्लचवर गाडी तोलून. मग पुढे घेतली, चाक घसरलं, परत हाफ क्लच, परत अ‍ॅक्सिलरेटर. तिसऱ्या प्रयत्नाला तो वास आला. ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही. मग इंजिन नुसतं ओरडायला लागलं आणि गाडी जागची हलेना. क्लच प्लेट गेली होती. गाडीत दोष काही नव्हता. लो रेंज न टाकता तो चढ मारायला निघाला होता, एवढीच चूक. मागून त्याचीच मेहुणी ऑटोमॅटिक घेऊन आली. तिची ही पहिलीच कच्च्या वाटेची फेरी. लो रेंज टाकली, डाव्या पायाने ब्रेक, उजव्याने हलका अ‍ॅक्सिलरेटर, आणि तिने तो चढ एका दमात काढला. त्या दिवशी तिच्याच गाडीला पट्टा बांधून आम्ही मित्राची गाडी सपाटीवर आणली.

असं का होतं ते सांगतो. क्लच घसरतो तेव्हा कोरड्या प्लेटवर घर्षण होतं आणि ती उष्णता प्लेटच खाते. अशा गाड्यांच्या ऑटोमॅटिकमध्ये बहुधा टॉर्क कन्व्हर्टर असतो, त्यात जोर तेलातून जातो. घसरला तर तेल तापतं आणि ते थंड करायला कूलर असतो. शिवाय गाडी जवळजवळ उभी असताना कन्व्हर्टर इंजिनाचा जोर दुपटीच्या आसपास वाढवून देतो. चढावर नेमका तोच हवा असतो. चिखलात आणि वाळूत आणखी एक फायदा. गिअर बदलताना जोर तुटत नाही, आणि जोर तुटला की चिखलात गाडी बसलीच.

म्हणजे चढावर, चिखलात, नवशिक्याच्या हातात ऑटोमॅटिक सरस. हे मान्य करायला मला बरीच वर्षं लागली.

उतार मात्र मॅन्युअलचा. मढे घाटाकडून येताना किंवा सिंहगडाच्या पायथ्याच्या एखाद्या शेतरस्त्यावर ओल्या मातीचा तीव्र उतार आला, की लो रेंज, पहिला गिअर आणि दोन्ही पाय पेडलवरून बाजूला. इंजिन गाडीला असं धरून ठेवतं की चाक एकदाही अडत नाही, म्हणून घसरतही नाही. मामा म्हणायचा ते इथे कळलं. उतारावर क्लच दाबला की इंजिनाचा हात सुटला. ऑटोमॅटिकमध्ये कमी वेगाला ही पकड तितकी घट्ट राहत नाही. म्हणून तिथे हिल डिसेंट कंट्रोल असतो, पण तो ब्रेक लावून काम करतो. लांबलचक उतारावर ब्रेक तापतात.

आणि चढावर मध्येच गाडी बंद पडली तर? मॅन्युअलवाल्याने हे पाठ करून ठेवावं. आधी ब्रेक घट्ट, मग हँडब्रेक. लो रेंजमध्येच रिव्हर्स टाकायचा, इंजिन सुरू करायचं, क्लच पूर्ण सोडायचा, मग ब्रेक हळूहळू सैल करत सरळ रेषेत मागे यायचं. न्यूट्रलमध्ये कधीही नाही. आणि वळवायची तर अजिबात नाही. चढावर गाडी आडवी झाली की उलटते.

मॅन्युअलची आणखी एक जमेची बाजू म्हणजे दुरुस्ती. क्लच जळाला तर नाना पेठेतून प्लेट आणि प्रेशर प्लेट आणून भोरचा मिस्त्रीसुद्धा एका दिवसात बसवून देतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बिघडला तर गाडी उचलून शहरातच न्यावी लागते, आणि बिल वेगळ्याच आकड्यांत येतं. बॅटरी उतरली तर मॅन्युअल निदान ढकलून चालू व्हायची आशा असते, इलेक्ट्रॉनिक्सपुरता जीव बॅटरीत उरला असेल तर. ऑटोमॅटिक ढकलून होत नाही.

भारतात ती टिकेल असं मी म्हणतो ते मुख्यतः किमतीमुळे. एकाच गाडीत ऑटोमॅटिकसाठी साधारण लाख-दीड लाख जास्त पडतात, आणि आपल्याकडे तेवढा फरक पुष्कळ असतो. सध्या आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची गुरखा तर फक्त मॅन्युअलच येते. पाच गिअर, आणि पुढचं-मागचं दोन्ही डिफरन्शियल लॉक होतात, म्हणजे एक चाक नुसतं फिरत राहिलं तरी दुसऱ्याला जोर मिळतो. २०२४ मध्ये तिच्या इंजिनाची ताकद १४० पीएसपर्यंत (पीएस म्हणजे जवळजवळ हॉर्सपॉवरच) वाढवली, पण क्लच तिथेच ठेवला. जिम्नीत पाच-स्पीड मॅन्युअल आहे आणि ऑटोमॅटिक चारच गिअरचा जुन्या पठडीतला. तिथे मी तरी मॅन्युअलच घेईन. थार आणि तिची पाच दारांची बहीण थार रॉक्स, दोन्हींत डिझेल फोर बाय फोर मॅन्युअल मिळते. माझा अंदाज असा की पुढची आठ-दहा वर्षं आपल्याकडे एखादी तरी नवी मॅन्युअल फोर बाय फोर दुकानात असेल. पण आवडता रंग, आवडतं इंजिन, वरचं व्हेरिएंट आणि मॅन्युअल, असं सगळं एकत्र मिळणं तीन-चार वर्षांतच अवघड होईल.

त्यानंतर विजेच्या गाड्या. तिथे हा प्रश्नच उरत नाही. मर्सिडीजच्या विजेवरच्या जी ५८० मध्ये चार मोटरी आहेत, प्रत्येक चाकाला एक, आणि प्रत्येक मोटरला स्वतःची लो रेंज. क्लचही नाही, डिफरन्शियल लॉकही नाही. महिंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये केपटाउनला विजेवरच्या थारचा नमुना दाखवला आहे. मोटर शून्य वेगालाच पूर्ण जोर देते, आणि दगडांवर रांगायला याहून चांगलं काय असणार? वाईट वाटतं, पण नाकारता येत नाही.

तर तुमच्यापुरतं. आठवड्यातले पाच दिवस हिंजवडीच्या रांगेत पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करण्यात जाणार असतील, आणि महिन्यातून एकदा मुळशी, तर टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक घ्या आणि त्यात कमीपणा मानू नका. रोजच्या हाफ क्लचने डोंगरात जायच्या आधीच क्लच निम्मा झिजलेला असतो, हेही लक्षात ठेवा. ऑफिसला मेट्रोने किंवा कंपनीच्या बसने जाणार असाल आणि ही गाडी मुख्यतः भटकंतीची असेल, तर मॅन्युअल, आणि ती आत्ताच. पुढच्या खेपेवर ढकलू नका.

दोन्हींत एक गोष्ट न विसरता तपासा, लो रेंज आहे का. दुकानात 'एसयूव्ही' म्हणून उभ्या असलेल्या बहुतेक गाड्यांत ती नसते. लो रेंज नसलेल्या मॅन्युअलपेक्षा लो रेंज असलेली ऑटोमॅटिक डोंगरात कधीही बरी. टेस्ट ड्राइव्हला बाणेर रस्त्यावर फेरी मारून परत येऊ नका. विक्रेत्याला सांगा, चांदणी चौकाच्या पुढे एखादा कच्चा चढ-उतार दाखवायचाय. लो रेंज, पहिला गिअर टाकून उतारावर पाय काढून बघा, मग तीच गाडी ऑटोमॅटिकमध्ये. शिकायला कुणी हवं असेल तर पावसाळा उघडल्यावर मला इथेच कळवा. वेल्ह्याकडे मामाच्या शेताचा रस्ता अजून तसाच कच्चा आहे, आणि तिथे कुणाच्या जंगलात किंवा गडाच्या वाटेवर गाडी घालावी लागत नाही.