मँडरिन म्हणजे मंत्री का?

प्रश्न असा आलाय की सोंग राजघराण्याच्या काळातल्या चीनवरचा लेख मराठीत आणताना 'मँडरिन'ला (जुन्या चीनमधल्या सरकारी अधिकाऱ्याला इंग्रजीत म्हणतात तो शब्द) सरळ 'मंत्री' लिहिलं तर चालेल का, कारण दोन्ही शब्दांचं मूळ एकच आहे असं वाचलंय. वाचलंय ते बरोबर आहे, पण तरीही मंत्री लिहू नका प्लीज.

मुळात हा शब्द चिनी नाहीच. संस्कृत मन्त्रिन् मलय भाषेत जाऊन 'मन्तेरी' झाला, पोर्तुगीजांनी १५११ मध्ये मलय मुलखातलं मलाक्का बंदर घेतलं, त्या भागात तो त्यांनी उचलला, त्यांच्याकडे 'मांदार' म्हणजे हुकूम करणे असं क्रियापद होतंच त्याचाही रंग त्याला चढला, आणि मग चीनच्या किनाऱ्यावर भेटणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांना ते हेच म्हणायला लागले. 'मान दारेन' म्हणजे 'मांचू साहेब' यावरून तो आला असंही काही जण सांगतात, पण मांचूंनी, म्हणजे ईशान्येकडून येऊन चीनवर राज्य केलेल्या लोकांनी, बीजिंग घेतलं १६४४ मध्ये आणि शब्द त्याच्या कितीतरी आधीचा आहे, त्यामुळे ती व्युत्पत्ती सोडून द्या.

म्हणजे तांग (६१८-९०७) किंवा सोंग (९६०-१२७९) काळात चीनमध्ये कुणी हा शब्द ऐकलेलाच नव्हता. त्यांचा शब्द 'ग्वान'. नऊ दर्जांच्या उतरंडीत कुठेही बसलेला अधिकारी तो ग्वान, मग तो राजधानीत असो नाहीतर लांबच्या एखाद्या तालुक्यात कर वसूल करत आणि खटले ऐकत बसलेला असो. दरबारातले अगदी वरचे मोजके लोक 'त्सायश्यांग', त्यांना खुशाल मंत्री किंवा प्रधान म्हणा. आणि ग्वानच्या हाताखालचे कारकून ते 'ली', हे वेगळेच. ग्वानला शक्यतो स्वतःच्या मुलखात नेमत नसत आणि ठरावीक काळाने बदली व्हायची, ली मात्र तिथलाच, त्यामुळे गावची खरी खबर त्याच्याकडे असायची.

सोंग काळात तर ग्वान होण्याचा सगळ्यात मानाचा रस्ता परीक्षेतून जायचा, आणि ती ज्या काटेकोरपणे घ्यायचे ते वाचून मी खरंच थक्क होतो, उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकायचे, वर अक्षरावरूनही कुणी ओळखू नये म्हणून सगळी उत्तरपत्रिका नकलनवीसांकडून पुन्हा लिहून घ्यायचे आणि मगच परीक्षकाकडे द्यायचे. आधी तांग काळात असं सरसकट नव्हतं, उमेदवार परीक्षेआधीच आपल्या कविता बड्या लोकांकडे पोचवायचे. अशा परीक्षेतून आलेल्या माणसाला मंत्री म्हटलं की वाचकाला खात्याचा मंत्री दिसतो आणि सगळा अर्थच बदलतो.

धर्मही या ग्वानांच्या कागदांतून सुटलेला नव्हता. बौद्ध भिक्षू व्हायला सरकारी दाखला लागायचा, 'दुद्ये' म्हणतात त्याला, कारण भिक्षूला कर आणि वेठ माफ. ७५५ मध्ये आन लुशान या सेनापतीचं बंड झालं तेव्हा पैसा उभा करायला सरकारने हे दाखले विकले, आणि ८४५ मध्ये सम्राट वूझोंगने उलट २,६०,००० वर भिक्षू-भिक्षुणींना संसारात परत पाठवून कराच्या यादीत घातलं. तुमच्या लेखात दाखल्यांवर सही करणारे 'मँडरिन' असतील तर तिथे मंत्री अजिबात बसणार नाही.

माझं मत, पहिल्यांदा येईल तिथे 'ग्वान, म्हणजे राजसेवेतला अधिकारी' असं लिहा आणि पुढे नुसतं अधिकारी. मँडरिन भाषेपुरता ठेवा, तिथे तो मराठीत पक्का रुळलाय.