दहावीतल्या मुलीला डिप्रेशनची गोळी द्यावी का?

ताई, डॉक्टरांनी मुलीला फ्लुओक्सेटिन लिहून दिलंय आणि नेटवर आत्महत्येची वॉर्निंग वाचून तुम्ही घाबरलात, साहजिक आहे. वॉर्निंग खरीच आहे, अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांना मान्यता देणारी सरकारी संस्था) २००४ मध्ये डिप्रेशनच्या सगळ्या गोळ्यांवर टाकली. या गोळ्यांच्या ट्रायल्समध्ये गोळी घेणाऱ्या साधारण ४ टक्के मुलांत आणि खोटी गोळी घेणाऱ्या २ टक्के मुलांत आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं दिसलं, पण त्यात एकाही मुलाने जीव दिला नव्हता हे मात्र कोणी सांगत नाही. आणि उपचारच न केलेलं डिप्रेशन त्याहून धोक्याचं असतं. मुलांसाठी सगळ्यात जास्त पुरावा फ्लुओक्सेटिनचाच आहे, अमेरिकेत वयाच्या आठव्या वर्षापासून द्यायला मान्यता आहे.

पहिले काही आठवडे आणि डोस बदलला की जास्त लक्ष ठेवा, म्हणजे झोप उडाली, सारखी येरझारा घालतेय, एकदम चिडचिड वाढली, मरणाबद्दल बोलली तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच फोन करायचा. पाकीट तुमच्याच कपाटात ठेवा, रोजची गोळी सकाळी नाश्त्याबरोबर स्वतः हातात द्या. फरक पडायला चार ते सहा आठवडे जातात. बरं वाटलं म्हणून मनानेच बंद करू नका प्लीज.

सोबत काउन्सेलिंग हवंच, पुण्यात मुलांचे सायकियाट्रिस्ट आहेत, शंका असेल तर सेकंड ओपिनियन घ्या. "क्लासचं टेन्शन आहे, होईल नीट" म्हणणाऱ्या नातेवाइकांचं ऐकून थांबू नका. रात्री-अपरात्री गरज पडली तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, मोफत आहे, मराठीत बोलतात.