डब्यांवरची लेबलं उन्हाळ्यात गळतात आणि घरात कोणी वाचत नाही, मग लेबल-प्रिंटर घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भुसावळला पत्र्याच्या छताचं घर, एकत्र कुटुंब, वर्षाचं धान्य आणि वाळवण घरातच. बाजारातली स्टिकरं स्टील आणि प्लास्टिकच्या डब्यांना लावली, ती मे महिन्यात घसरून पडली. जी टिकली त्यांच्याकडे सासूबाई बघतही नाहीत. म्हणून मोबाईलला जोडायचा छोटा लेबल-प्रिंटर घ्यावा का, असं विचारलं आहे.

माझ्या मते घेऊ नका. या स्वस्त प्रिंटरांत शाई नसते, उष्णतेने काळा पडणारा कागद असतो. त्याला गॅसजवळची धग, खिडकीतलं ऊन किंवा तेलकट हात लागला की अक्षर फिकट होतं नाहीतर आख्खा कागदच करडा पडतो. दुकानाची पावती पाकिटात कोरी होते, तोच हा कागद. वरून सेलोटेप लावून वाचवायला जाल तर टेपच्या गोंदाने अक्षर आणखी लवकर उडतं. पंचेचाळीस अंशांच्या गावात आणि फोडणीच्या स्वयंपाकघरात ही वस्तू शोभेची.

आधी लेबल कशाला लागतं ते ठरवा. काचेच्या बरणीतली तूरडाळ तूरडाळच दिसते, तिच्यावर ‘तूरडाळ’ लिहिणं म्हणजे नुसती सजावट. जिथे डोळा फसतो तिथेच लेबल हवं. खान्देशातल्या घरात अशा जागा पुष्कळ. बाजरीचं पीठ आणि कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ संध्याकाळच्या उजेडात सारखंच करडं दिसतं. बट्टीचं जाड पीठ आणि पोळीचं पीठ हात घातल्याशिवाय कळत नाही, आणि कळतं तोवर पाणी पडलेलं असतं. पांढऱ्या पुडींचं तर विचारूच नका: मीठ, पिठीसाखर, खाण्याचा सोडा, पापडखार, लिंबूफूल, तुरटीची पूड आणि धान्याला लावायची बोरिक पावडर. यातली बोरिक स्वयंपाकघरात ठेवूच नका. बाकीच्यांना डब्याच्या अंगावर आणि झाकणावर, दोन्हीकडे नाव हवं.

नावापेक्षा मला तारीख जास्त महत्त्वाची वाटते. डब्यात बिबड्या (ज्वारीचे पापड) आहेत हे झाकण उघडलं की दिसतं. त्या यंदाच्या की गेल्या उन्हाळ्यातल्या, हे मात्र दिसत नाही. त्यामुळे नवा डबा वर ठेवला जातो, तोच आधी संपतो आणि जुना तळाशी पावसाळ्याची दमट हवा खात बसतो. कुरडया, शेवया, सांडगे, चिकवड्या, उडदाचे पापड, सगळ्यांवर नुसतं ‘उन्हाळा 2025’ एवढं मोठ्या अक्षरात पुरे. पिठांना मात्र महिना आणि तारीख दोन्ही हवी, कारण उन्हाळ्यात बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांतच कडवट व्हायला लागतं. ‘3/4’ असं लिहू नका, तीन एप्रिल की चार मार्च यावर वाद होतो. महिना अक्षरात लिहा. घरातली म्हातारी माणसं सणावरून हिशेब ठेवत असतील तर ‘आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी’ असं लिहिलेलंही चालतं. फक्त पुढे साल टाका.

मिरचीपुडीवर कोणती मिरची आणि कधी कुटली हे लिहा, नाहीतर नव्या डब्याचं तिखट जुन्या मापाने पडतं आणि शेवभाजी कोणाच्याच घशाखाली उतरत नाही. काळ्या मसाल्याचंही तसंच.

आता गळण्याचं कारण. स्टीलवर बहुतेक गोंद चांगला धरतो, पण स्वयंपाकघरातल्या डब्यावर तेलाचा न दिसणारा थर असतो आणि गोंद त्या थराला चिकटतो, डब्याला नाही. वर पत्र्याची उष्णता आली की गोंद मऊ होतो आणि स्टिकर खाली सरकतं. कूलर लावला की ओल्या हवेने कागद फुगून कडा सुटतात. म्हणून डबा साबणाने धुवा, पूर्ण कोरडा करा, मग लेबलच्या जागी सॅनिटायझर किंवा स्पिरिटचा बोळा फिरवा आणि ते उडून गेल्यावरच चिकटवा. मधून कडेकडे दाबत न्या, अर्धा मिनिट अंगठ्याने रगडा. पूर्ण पकड यायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर डबा धुऊ नका. स्टिकरचे कोपरे कात्रीने गोल केले तर ते लवकर उचलत नाहीत.

दुधी रंगाच्या मऊ प्लास्टिकच्या डब्यांची गोष्ट वेगळी. त्या प्लास्टिकवर साधा गोंद नीट पकडच घेत नाही, कितीही पुसा. तिथे कागदाची पट्टी ठेवून रुंद पारदर्शक टेप डब्याभोवती पूर्ण गुंडाळा आणि शेवट टेपवरच दोन इंच चढवा. टेप टेपला धरतो, डब्याला धरायची गरजच उरत नाही.

ज्याचा माल सारखा बदलतो त्या डब्यांना, म्हणजे पिठं, रवा, भाजणी यांना, एक इंची मास्किंग टेप आणि पेन्सिल. हो, पेन्सिलच. शिसं पाण्यात आणि तेलात विरघळत नाही, उन्हाने उडत नाही. मार्करची शाई पाण्याला टिकते, पण सॅनिटायझर लागला की पुसते आणि उन्हात फिकी पडते. मास्किंग टेपचा दोष एवढाच की महिनोन्‌महिने तापत राहिला तर काढताना गोंद मागे राहतो. त्यावर खोबरेल तेल लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग कोरडं पीठ टाकून बोटाने चोळा, गोंदाच्या गोळ्या होऊन निघतो. तारेच्या घासणीने घासलंत तर चरे पडतात आणि पुढचं लेबल त्यावर नीट बसत नाही.

माळ्यावर गोंद विसरा. पत्र्याखाली माळा खोलीहून कितीतरी जास्त तापतो. तिथे पुठ्ठ्याची चिठ्ठी, तिला भोक, त्यातून सुतळी, आणि ती कडीला किंवा खोक्याच्या दोरीला बांधायची. पत्र्याच्या पंधरा किलोच्या डब्यांवर सरळ ऑइल पेंटने लिहा. एक दिवस वाळू द्या. चुकलं तर ओलं असतानाच टर्पेंटाईनने पुसा, वाळल्यावर ते पुसलं जात नाही. दहा फुटांवरून सहज वाचायचं असेल तर अक्षर एक इंच उंच हवं. माळ्याच्या खोक्यावर दोन बाजूंना लिहा, कारण ठेवणारा ते कसंही फिरवून ठेवतो.

एक जुनी सोय आपल्याकडे आहेच. भांड्यांच्या दुकानात नाव घालून देतात, त्याच यंत्राने डब्यांवर आकडा घालून घ्या, डब्यावर 7 तर झाकणावरही 7. झाकणांची अदलाबदल हे लेबलं खोटी पडण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे, आणि ते याने संपतं. आकड्यांची यादी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने. ही पद्धत कोठीसाठी आणि माळ्यासाठी चांगली. रोजच्या स्वयंपाकात वापरू नका. कढई तापलेली असताना ‘4 म्हणजे काय’ हे बघायला कोणी दारापाशी जात नाही. शेल्फवर एकावर एक डबे असतील तर लेबल अंगावर, वरून दिसणाऱ्या ट्रॉलीत असतील तर झाकणावर.

सासूबाई बघत नाहीत याचं कारण बहुधा अक्षराचा आकार किंवा शब्द. घरात ‘दादर’ म्हणत असतील तर लेबलवर ‘ज्वारी’ लिहून उपयोग नाही, आणि इंग्रजीत तर नाहीच. कुणाला वाचता येत नसेल किंवा चष्मा जवळ नसेल तर पारदर्शक टेपखाली त्या धान्याचे पाच-सहा दाणे चिकटवा: उडीद आणि ज्वारीचे दाणे शेजारी दिसले की ते कळण्याचं पीठ. अंधारात हात घालायची सवय असेल तर बट्टीच्या डब्याला रबर बँड, पोळीच्या डब्याला काही नाही. अशा खुणा दोन-तीनच ठेवा, चौथीपासून त्याही लक्षात राहत नाहीत.

धान्याच्या कट्ट्याला, म्हणजे पोत्याला, चिठ्ठी तोंडाशी बांधा आणि तशीच दुसरी पिशवीत घालून आत ठेवा. बाहेरची उंदराने कुरतडली तर आतली असते. त्यावर वाण, साल आणि काय लावलं आहे ते हवंच: ‘एरंडेल लावलं’ किंवा ‘बोरिक लावलं, धुऊन वाळवून दळणे’. ज्याने लावलं तो दळणाच्या दिवशी घरी असेलच असं नाही. धुरीच्या गोळ्या मात्र राहत्या घरात आणायच्याच नाहीत. त्यातून जीवघेणा वायू निघतो, चिठ्ठी लिहून तो थांबत नाही.

गिरणीत डबा जातो तेव्हा चिठ्ठी धान्यावर ठेवू नका, ती दळणात पडते. कडीला बांधा: नाव, कशाचं दळण, जाड की बारीक. डब्याच्या पाठीवर प्रमाण कायमचं लिहून ठेवा, जसं ‘ज्वारी 4 किलो, उडीद 1 किलो’ किंवा ‘गहू 5 किलो, मका 1 किलो, जाड’. प्रमाण घराघराचं वेगळं असतं, तुमचं काय ते लिहा.

फ्रीजरच्या पिशव्यांवर भरण्याआधी, पिशवी सपाट असताना लिहा. गार, ओल्या पिशवीवर काहीच चिकटत नाही. भाजलेल्या वांग्यांचा गर आणि ओल्या तुरीचे दाणे हिवाळ्यात ठेवत असाल तर महिना टाका. औषधांत डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा, साधारण चार आठवड्यांनी ती टाकायची असते. गोळ्यांची पट्टी कापताना मुदतीची तारीख असलेलं टोक शेवटपर्यंत ठेवा.

तुम्ही विचारलं नाही, पण कापसाच्या पट्ट्यात घराघरात फवारणीची औषधं असतात, म्हणून लिहितो. कीटकनाशक दुसऱ्या बाटलीत काढून त्यावर लेबल लावणं हा उपाय नाही. ते मूळ डब्यातच राहिलं पाहिजे. मूळ लेबलवर रंगाचा त्रिकोण असतो: लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, चौघांत कमी एवढंच. विषबाधेवरचा उपचारही लेबलवर किंवा सोबतच्या पत्रकात छापलेला असतो आणि दवाखान्यात डॉक्टर पहिल्यांदा तोच डबा मागतात. म्हणून नवा डबा आणला की लेबलवर रुंद पारदर्शक टेप लावा, गळतीने अक्षर भिजणार नाही. मग कुलपात. रिकाम्या डब्याला भोकं पाडा, म्हणजे त्यात कोणी पाणी भरणार नाही.

हातगाडीवरचं सुटं फिनाइल पाण्याच्या जुन्या बाटलीत मिळतं आणि पाण्यात पांढरंशुभ्र होतं, ताकासारखं. त्या बाटलीवरचा पाण्याचा कागद आधी फाडून टाका, दोन बाजूंना ‘विष’ लिहा, मानेला लाल चिंधी घट्ट बांधा. ॲसिडलाही तेच. लहान मुलाला वाचता येत नाही, म्हणून ठेवायची जागा त्याच्या हाताला न लागणारी. लेबल मोठ्यांसाठी.

सगळ्या घराला एका रविवारी लेबलं लावायला बसू नका, अर्धे डबे भरलेले आणि तेलकट असतील. फिनाइल, ॲसिड आणि फवारणीचं आजच करा. बाकीचा डबा रिकामा झाला, धुतला गेला, वाळला, की त्याच दिवशी त्याचं लेबल.