रेपियर घेतोयस, पण कोटेशनच्या पलीकडचं बघ

टॉवेलसाठी रेपियर, म्हणजे धोट्याशिवाय चालणारा वेगवान माग, घे की, नको कोण म्हणतंय! पण सोलापुरात अक्कलकोट रोडला आम्ही साधे माग काढून रेपियर बसवले तेव्हा कोटेशनमध्ये नसलेल्या खर्चानंच दमवलं.

पहिली गोष्ट किनारीची. धोट्याच्या, म्हणजे साध्या मागावर बाण्याचा (आडवा) धागा परत फिरतो, किनार आपोआप बांधली जाते. रेपियरवर प्रत्येक धागा कापला जातो, म्हणून टॉवेलच्या दोन्ही कडांना झालर राहते. ती दुमडून शिवायची. म्हणजे शिलाई मशीन, बायका, दोरा आणि जागाही आली. शिवाय कडेला धागा धरून ठेवणाऱ्या खोट्या किनारीची पट्टी कापून फेकायची. त्यातलं सूत आपण किलोनं विकत घेतलेलं असतं बरं का. आमच्या पहिल्या लॉटला ही शिलाई भावात धरलीच नव्हती, सगळा नफा सुईत गेला.

दुसरं, सूत. साध्या मागावर चालणारं हलकं सूत वेगात तटातट तुटतं. चांगलं घ्यावं लागतं, तेही किलोमागे महाग.

वीजभार आधीच वाढवून घे. डिमांड चार्ज, म्हणजे मंजूर वीजभारावरचा ठराविक आकार, माग बंद असला तरी चुकत नाही.

आणि कारागीर! आमचे विणकर वीस-वीस वर्षं आवाजावरून बिघाड ओळखायचे. नव्या मागाच्या स्क्रीनवर एरर आला की नुसते बघत उभे. शिकेपर्यंत पीसवर मजुरी दिलीस तर ते दुसऱ्या कारखान्यात जातील. तेवढे महिने रोजावर ठेव.

जुने माग लगेच भंगारात घालू नको बे. निम्मे चालू ठेव, हप्ता तेच भरतील.