सेल्समध्ये येतेस, तर स्वतःचं टार्गेट माग

प्रिय मुली,

‘मला बोलता येतं, म्हणून सगळे सेल्समध्ये जा म्हणतात,’ असं तू लिहिलंयस. बोलता येणं कामी येतं, पण लोक समजतात तितकं नाही. पहिल्या भेटीत समोरच्यालाच जास्त बोलू द्यायचं असतं, आणि बोलक्या माणसांना नेमकं तेच जड जातं.

मुलींना या क्षेत्रात घेतात, पण घेऊन कुठे बसवतात ते बघ. कोटेशन बनवणं, फॉलोअपचे फोन, एक्सेल भरणं. पदाचं नाव सेल्स कोऑर्डिनेटर. काम वाईट नाही, माल कळतो. पण ऑर्डर दुसऱ्याच्या नावावर लागते. वर्षभरात तिथून उठ आणि स्वतःची टेरिटरी, म्हणजे विक्रीसाठी नेमून दिलेला भाग, आणि स्वतःचं टार्गेट माग. ‘फिरती झेपेल का तुला?’ असं काळजीच्या सुरात विचारतील. झेपेल म्हणून सांग आणि मुक्कामाची सोय काय, रात्रीच्या प्रवासाचे नियम काय, तेही विचारून घे. त्यात कमीपणा नाही.

आपल्या नावापुढे विक्रीचा आकडा असला की ‘बाई आहे म्हणून ऑर्डर मिळते’ म्हणणाऱ्यांची तोंडं बंद होत नाहीत, पण बढतीच्या बैठकीत त्यांचं फारसं चालत नाही. अ‍ॅन मल्काही १९७६ मध्ये झेरॉक्समध्ये फिरतीच्या विक्री प्रतिनिधी म्हणून लागल्या आणि २००१ मध्ये त्याच कंपनीच्या सीईओ झाल्या. आकडा दरवेळी तारतोच असंही नाही. टपरवेअर घरोघरच्या पार्ट्यांमधून विकण्याची पद्धत ब्राउनी वाइज यांनी मोठी केली. १९५४ मध्ये ‘बिझनेस वीक’च्या मुखपृष्ठावर त्या झळकल्या, तिथे झळकलेल्या पहिल्या स्त्री म्हणून. चारच वर्षांनी कंपनीने त्यांना काढून टाकलं. हातात शेअर एकही नव्हता. म्हणून म्हणते, आपला वाटा काय ते कागदावर घे. कौतुकावर विसंबू नकोस.

भाव सांगितल्यावर गप्प बसायला शीक. आपण आकडा सांगतो, समोरचा कागदाकडे बघत राहतो, खोलीत कुणी बोलत नाही, आणि आपल्याच तोंडून निघून जातं, ‘थोडं कमी करता येईल.’ त्याने मागितलेलंही नसतं! सवलत द्यायचीच तर बदल्यात काहीतरी माग: मोठी ऑर्डर, नाहीतर लवकर पेमेंट. पुरुष सहकाऱ्यासोबत भेटीला जाशील तेव्हा तांत्रिक प्रश्न त्यालाच विचारले जातील, तो तुझ्या हाताखालचा असला तरी. गाडीतून उतरण्यापूर्वीच त्याच्याशी ठरवून ठेव: प्रश्न आला की त्याने ‘हे मॅडम सांगतील’ म्हणायचं आणि थांबायचं.

आता तू ज्याबद्दल खरं विचारलंस, ते खोटं बोलावं लागण्याचं. खोटेपणा बहुतेक वेळा क्वार्टर, म्हणजे तिमाही, संपताना शिरतो. वरून फोनवर फोन येतात. कुणी डीलरच्या गोदामात नको असलेला माल कोंबतो. आकडा भरतो आणि पुढच्या महिन्यात माल परत येतो. तुझ्यासमोर ग्राहक म्हणेल, ‘सहा आठवड्यांत बसवून द्याल ना?’ आणि फॅक्टरीने दहा सांगितलेले असतील. तिथे ‘बघते, होऊन जाईल’ म्हणू नकोस. दहा म्हण. ऑर्डर जाऊ शकते. जातेच कधीकधी, आणि ती परत येईल असा दिलासा मी तुला देणार नाही. पण सहा म्हणालीस तर सातव्या आठवड्यापासून इन्स्टॉलेशनवाल्या पोरांना तुझ्या वाटच्या शिव्या खाव्या लागतात. माझ्या मनाला हे जास्त लागतं.

भेट झाली की त्याच दिवशी ग्राहकाला मेल टाक. काय देणार, केव्हा देणार, आणि काय देणार नाही. तिसरी ओळ बरेचजण गाळतात. भांडणं तिथूनच सुरू होतात.

मुलाखतीला जातेयस तर एवढं विचारून ये. इन्सेंटिव्ह ऑर्डर आल्यावर मिळतो की पेमेंट जमा झाल्यावर? ऑर्डर रद्द झाली तर दिलेला इन्सेंटिव्ह कापून घेतात का? आणि तुझ्या आधी ही टेरिटरी कोण सांभाळत होतं, ते का गेले? शेवटच्या प्रश्नावर कोण कुणाकडे बघतं, तेही लक्षात ठेव. उत्तरं मिळाली की कळव, मग पगाराचं बोलू.

तुझी,
ताई